जे दिसलं तेवढंच

आमच्या घरात देवाचं नाव दिवसातून दहादा तरी निघायचं, आणि आईच्या तोंडून सगळ्यांत कमी. बाबा कंपनीत फिटर होते. सुटीचा भोंगा झाला की अर्ध्या तासात सायकल दाराशी, मग हातपाय धुणं, चहा, आणि कप खाली ठेवता ठेवता पेटीचं झाकण उघडणं. बाबा नगरकडचे, तिकडच्या ख्रिस्ती मंडळीत वाढलेले. त्यांची गाणी सगळी ओव्या-अभंगांच्या चालींवरची, आणि आवाज असा खणखणीत की अंबरनाथ पूर्वेची आमची नऊ खोल्यांची बैठी चाळ घरबसल्या उपासनेला हजर. खंजिरी माझ्याकडे. मी ती जरा जास्तच जोरात वाजवायची, कारण देवापेक्षा शेजारच्यांना ऐकू जावं अशी माझी इच्छा असायची. मग शास्त्रवाचन, मग बाबांची लांबलचक प्रार्थना, तिच्यात कंपनीच्या मॅनेजरपासून नगरच्या आजारी बैलापर्यंत सगळे यायचे. आई तेवढा वेळ डोळे मिटून बसायची. शेवटचं आमेन झालं की उठून स्टोव्हला पंप मारायची. तिची पाळी आली की ती फक्त म्हणायची, "बापा, आजचा दिवस दिलास, आभार." झालं. मला फार लाज वाटायची तिच्या या तुटपुंज्या प्रार्थनेची.

चाळीत ख्रिस्ती घर आमचं एकच. बाकी कोकणातली, देशावरची माणसं, दोन बौद्ध घरं, आणि टोकाच्या खोलीत एक सिंधी म्हातारा एकटाच राहायचा. सगळ्यांचं सगळ्यांकडे येणंजाणं होतं. नाताळात आई करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या करायची आणि रुमालाखाली झाकून आठ ताटं मी पोचवायची. ताट कधी रिकामं परत यायचं नाही. कोणी मूठभर साखर घालायचं, कोणी तांदूळ. बाबांना वाटायचं प्रत्येक ताटासोबत एक पत्रिका जावी, शुभवर्तमानाची. आई म्हणायची, "आधी करंजी तरी खाऊ दे माणसाला." पत्रिका राहून जायच्या. आता मी बदलापुरात चौथ्या मजल्यावर राहते, दाराला बाहेरून एक लोखंडी दार आहे, आणि नाताळात शेजारी फोनवर ताऱ्यांची आणि घंटांची चित्रं पाठवतात. मी त्यांना उलट घंटा पाठवते. चकली अजून करते, पण चार माणसांपुरती.

आई घरी बसून धागे कापायची. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात जिन्सच्या पँटी शिवणारे छोटे कारखाने होते. तिथून शिवलेल्या पँटींचा गठ्ठा आणायचा, शिलाईवर लोंबणारे दोरे छोट्या कटरने छाटायचे आणि गठ्ठा परत पोचवायचा. शेअर रिक्षात गठ्ठा मांडीवर, त्याच्यावर मी. कारखान्याचा सिंधी शेठ माणूस चांगला, फक्त आई रविवारी काम करायची नाही हे त्याला कळायचं नाही. "बाई, संडे को आपका भगवान छुट्टी पे रहता है क्या?" असं तो विचारायचा. आई म्हणायची, "नाय शेठ, भगवान चालू रहता है, हम छुट्टी पे रहते है." शेठ हसायचा. पण कधी अर्जंट माल असला की शनिवारीच आठवण ठेवून लवकर गठ्ठा द्यायचा. एवढंच काय ते आमचं त्याच्यावरचं सेवाकार्य.

धागे कापायला आईच्या सोबतीला असायची हिराकाकू. आमच्या भिंतीला भिंत लावून तिची खोली. नाव तिचं मी इथे बदललं आहे, गावातल्या घरांची खूणही थोडी हलवली आहे. हे लिहायच्या आधी तिच्या मुलीला ही पानं वाचून दाखवली आणि तिने हो म्हटल्यावरच पुढे गेले. हे का सांगते आहे ते पुढे कळेल. हिराकाकू वांगणीकडची, भातशेतीच्या घरातली. नवरा कंपनीत, घरात सासू, मूल नाही. चाळीतल्या बायका मूल नाही म्हणून हळहळायच्या, उपाय सांगायच्या, ती ऐकून घ्यायची. तांदळाची भाकरी ती इतकी पातळ थापायची की माझी आई, बाजरीवर वाढलेली, नुसती बघत राहायची. दुपारी दोघी आमच्या उंबऱ्यात समोरासमोर बसायच्या, मधे पँटींचा निळा ढीग, आणि कटरचा कट् कट् आवाज. बोलणं कमीच. संध्याकाळी बाबांची पेटी सुरू झाली की काकू उठून जायची नाही. उंबऱ्याच्या बाहेरच्या पायरीवर बसायची, पदर डोक्यावर घेऊन, आणि प्रार्थना संपली की न बोलता घरी जायची. असं वर्ष-दीड वर्ष चाललं होतं.

मी तेव्हा सतरा वर्षांची होते आणि मला त्या पायरीकडे बघून अंगात वारं शिरायचं. आमच्या तरुण संघात ज्याच्या-त्याच्याकडे सांगायला काहीतरी होतं. एकाने कॉलेजातला मित्र देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, आणला होता, एकीची मामी येशूचं नाव घेऊ लागली होती. माझ्याकडे होती फक्त पायरीवर बसलेली हिराकाकू, आणि ती आत येत नव्हती. मी आईला म्हणायची, "तू तिला विचार ना, की तुला विश्वास ठेवायचाय का." आई म्हणायची, "ती बसलीय ना? बसू दे." मला राग यायचा. मला वाटायचं, आईला देवाची तळमळच नाही.

एकदा दुपारी मी आतल्या बाजूला पुस्तक घेऊन पडले होते. त्यांना वाटलं मी झोपले. काकू कापता कापता थांबली आणि आईला म्हणाली, "ताई, आज माजी पोर धा वर्षांची झाली."

मग तिने सगळं सांगितलं. विसाव्या वर्षी तिचा पहिला नवरा गेला. पदरात वर्षाची मुलगी. भावांनी तिचा पाट लावून दिला, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, अंबरनाथच्या या माणसाशी. अट अशी की मुलगी पहिल्या सासरी राहील आणि ही पुन्हा तिला तोंड दाखवणार नाही. इकडच्या सासूची अट निराळी, की चाळीत पाटाची गोष्ट कुणाला कळता कामा नये. पोर शाळेत जायला लागल्यापासून महिन्यातून एकदा, भाजी आणायचं निमित्त करून, काकू वांगणीला जायची. मधल्या सुट्टीत शाळेच्या कुंपणापलीकडे उभी राहायची, पोर बघायची आणि भाजी घेऊन परत यायची. हाक कधी मारली नाही. "वळखत नाय ती मना," काकू म्हणाली. "पण वाढतेय. तेवढं बगून येतंय."

आईने काकूच्या हातातला कटर काढून घेतला, तिच्या वाटणीच्या पँटी आपल्याकडे ओढल्या आणि त्या दुपारी एकटीने गठ्ठा संपवला. काकू नुसती बसून राहिली. संध्याकाळी आईच्या प्रार्थनेत एक वाक्य वाढलं, "सगळ्यांच्या लेकरांना सांभाळ." मला तेव्हा वाटलं, एवढं मोठं दुःख कळलं आणि हिने एवढंच मागितलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या मंडळीत उज्जीवन सभा होत्या, विश्वास जागवणाऱ्या, तीन दिवसांच्या. पाहुणे वक्ते बाहेरगावचे होते, बोलणं असं की अंगावर काटा यावा. शेवटच्या दिवशी त्यांनी तरुणांना पुढे बोलावलं आणि विचारलं, "तुमच्या शेजारी एखादा आत्मा तहानलेला आहे का? त्याचं नाव घ्या. मंडळी त्याच्यासाठी प्रार्थना करील." एकेक जण उठला. कुणी म्हणालं माझा चुलता, कुणी म्हणालं माझी मैत्रीण. बाबा माझ्याबद्दल नेहमी म्हणायचे, एस्तूच्या तोंडात तीळ भिजत नाही. मी उठले आणि हिराकाकूचं नाव घेतलं. नावावर थांबायला काय झालं होतं मला? पण नाही. मी पाट सांगितला, पोर सांगितली, वांगणीची शाळा सांगितली, कुंपण सांगितलं. माझ्याच बोलण्याने मला रडू आलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. वक्ते म्हणाले, "किती ओझं आहे या मुलीच्या मनावर," आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. घरी येताना मी जमिनीवरून चालत नव्हते. आई त्या दिवशी ताप आलेल्या बाबांपाशी घरी थांबली होती, हे माझं नशीब म्हणावं की दुर्दैव, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आमच्या मंडळीतल्या एक मावशी फार प्रेमळ होत्या. त्यांच्या भाचीचं सासर वांगणीचं. मावशींना रात्रभर झोप लागली नाही म्हणे, इतकं त्यांच्या मनाला लागलं. प्रार्थना करून, देवाने सांगितलं अशा खात्रीने, त्या आठवड्याभरात वांगणीला गेल्या, घर शोधून काढलं आणि मुलीच्या काकाला समजावू लागल्या की आईला मुलगी भेटू द्या हो, बिचारी कुंपणाबाहेर उभी राहते. काकाला तोवर हे ठाऊकच नव्हतं. एवढी मोठी चूक असं निर्मळ मन घेऊन आमच्याच माणसांनी करावी. दुष्टावा कुणाच्या मनात नव्हता, मावशींच्या नव्हता, माझ्याही नव्हता. मी कित्येक वर्षं या गोष्टीत दुष्ट माणूस शोधला, आणि सापडला असता तर बरं झालं असतं.

काका दुपारी आला. उंबऱ्यात दोघी धागे कापत होत्या, मी पाणी भरत होते. त्याने आवाज चढवला नाही, पण नळावरच्या सगळ्या बायकांना ऐकू येईल असा बोलला. "मेल्या भावाची बायको म्हणून तुला गावाने मानानं घालवली. आता चोरून शाळेपाशी येतेस, आणि वर त्या चर्चमधल्या बायका पाठवतेस? पुन्हा गावात दिसलीस तर पोरीला शाळेतून काढून घरी बसवीन. हे समजून ठेव." आणि गेला. काकूची सासू दारात येऊन कपाळावर हात मारून खाली बसली. इतकी वर्षं झाकलेला पाट चाळीसमोर उघडा पडला होता.

काकूने हातातली पँट नीट घडी करून ढिगावर ठेवली. तिने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असणार. "एस्तू," ती म्हणाली, "मी तुज्या आईशी बोलले होते गं." आणि उठून घरात गेली, दार लावून घेतलं. आमच्या चाळीत दिवसाढवळ्या कोणी दार लावायचं नाही.

आईने मला मारलं नाही. मारलं असतं तर सोपं गेलं असतं. मला समोर बसवून विचारलं, "सभेत सांगताना बरं वाटलं का तुला?"

मी खोटं बोलू शकले नाही. म्हटलं, "हो."

"किती बरं वाटलं?"

मी रडायला लागले. आई म्हणाली, "रड, पण तिच्या दारात जाऊन रडू नकोस. तिचं तिला पुष्कळ आहे." बाबांनी दोन दिवस पेटी उघडली नाही. मंडळीचे पाळकसाहेब आले, भले माणूस, म्हणाले आपण हिराबाईंच्या घरी जाऊन प्रार्थना करू. आईने त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "नको साहेब. आत्ता तिला आपल्यातलं कोणीच नको." पाळकसाहेब चहा संपवून निघाले. नंतर माझ्या लक्षात आलं, की आईने पाळकांना नाही म्हटल्याचं मी आयुष्यात तेवढंच एकदा पाहिलं.

चौथ्या दिवशी आई मला घेऊन काकूकडे गेली. काकू तांदूळ निवडत होती. मी पाठ करून ठेवलेली माफी मागितली. तिने मान वर केली नाही. आईला म्हणाली, "ताई, तुमच्यावर माजा राग नाय. पन मना तुमचा देव नको. त्याला मानसाच्या पोटातलं चारचौघांत लागतं."

मला वाटलं, आता आई सांगेल की देव असा नाही. बाबांनी सांगितलं असतं, मी तर वचनासकट सांगितलं असतं. आई म्हणाली, "खरं आहे तुझं." आणि खाली बसून ताटातले खडे वेचायला लागली. बराच वेळ दोघींचे हात त्या एकाच ताटात चालत होते. मग आईने विचारलं, "तुला आता जाता येणार नाही. मी जाऊन बघून येऊ का तुझ्या लेकीला? मला तिथं कोणी ओळखत नाही."

काकूची बोटं थांबली. ती म्हणाली, "डाव्या भुवईवर खून हाय. चुलीच्या दगडावर पडली होती, रांगती असताना."

पुढच्या महिन्यात आम्ही दोघी कर्जत गाडीने वांगणीला गेलो. आईने मला मुद्दाम नेलं. "माझी नजर अधू," ती म्हणाली, "बघायचं तू. पोरीशी बोलायचं नाही, खाऊ द्यायचा नाही, हाक मारायची नाही. आणि घरी येऊन जे दिसलं तेवढंच सांगायचं. वरचं काही घालायचं नाही आणि आतलं काही गाळायचं नाही." स्टेशनाबाहेर गावच्या बायका काकड्या, भोपळे, वालाच्या शेंगा घेऊन बसायच्या. आम्ही शेंगा घेतल्या, शाळेच्या वाटेवर आंब्याखाली बसून त्या पिशवीत निवडल्याचं नाटक केलं. मधल्या सुट्टीची घंटा झाली, पोरं बाहेर सांडली. मी भुवया शोधत होते. ती सापडली. सडपातळ, गुडघ्यावर खरचटलेलं, मैत्रिणीच्या गळ्यात हात.

घरी आल्यावर काकूच्या दारात उभं राहून मी सांगायला लागले, "काकू, इतकी गोड आहे, मजेत आहे अगदी." आई मागून म्हणाली, "मजेत आहे हे तुला तिने सांगितलं का?" मी पुन्हा सुरुवात केली. "दोन वेण्या होत्या. एकीची रिबन लाल, एकीची निळी. गुडघा खरचटलेला. पायात चप्पल होती. डबा नव्हता, मैत्रिणीच्या डब्यातलं खाल्लं."

"काय खाल्लं?"

"चपाती आणि काहीतरी पिवळं. बहुतेक बटाटा." आईने घसा खाकरला. "काहीतरी पिवळं," मी म्हटलं.

काकू दाराला टेकून ऐकत होती. "यक रिबन हरवली असंल," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "वेन्या कुनी घातल्या असतील?" ते मला दिसलं नव्हतं, म्हणून मी काही बोलले नाही. ती आत गेली. दार तेवढं उघडं राहिलं.

असे आम्ही सव्वादोन वर्षं जात राहिलो. मी बारावी झाले, नर्सिंगला लागले, सुट्ट्या जुळवून घेऊ लागले. मला बघायची सवय लागली. पुढे वॉर्डात डॉक्टर म्हणायचे, सिस्टर एस्तेर जे सांगते ते लिहून घ्या. ते शिक्षण मला त्या आंब्याखाली मिळालं. फ्रॉक आखूड झाला, मग परकर-पोलकं आलं. एकदा ती शाळेत आली नव्हती, तेव्हा "नव्हती" एवढंच सांगावं लागलं आणि काकू महिनाभर नीट जेवली नाही. मला तेव्हा खोटं बोलायचा फार मोह झाला होता. काकू पुन्हा आईसोबत धागे कापायला बसू लागली. एखाद्या दिवशी आमच्या दारात केळीच्या पानावर दोन तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं ठेवलेलं असायचं. पण पेटी सुरू झाली की ती उठून जायची. पायरी रिकामी असायची. बाबांचा आवाज मुद्दाम हळू झाला होता आणि खंजिरी मी खुंटीलाच ठेवली होती. आई त्या पायरीकडे कधी बघायची नाही आणि मी सारखी बघायची. देव मला दुसरं काही देवो न देवो, ती बाई पुन्हा तिथे बसलेली दिसू दे, एवढंच मी मागत असे. आजही डोळे मिटले की पहिल्यांदा ती पायरीच दिसते. चाळ पाडून तिथे सात मजले झाले आहेत, खाली मोबाइलचं दुकान आहे. त्या दुकानापाशी उगाच जाऊन उभी राहिले आहे मी, दोनदा.

एका खेपेला आईचे गुडघे धरले होते, मी एकटीच गेले. घंटा झाली. ती नेहमीसारखी मैत्रिणींबरोबर बाहेर आली, मग त्यांना सोडून सरळ आंब्याकडे चालत आली. बारा-तेरा वर्षांची. माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "तुम्ही दर महिन्याला येता. आधी एक जांभळ्या लुगड्यातली बाई यायची, तिकडं कुंपणाशी. ती येत नाही आता. तिने पाठवलंय का तुम्हाला?"

इतकी वर्षं आम्हाला वाटत होतं की आम्हीच बघतो आहोत.

माझ्या जिभेवर सगळं आलं. ती तुझी आई आहे, ती तुझ्यासाठी झुरते, तुझी एक रिबन हरवली तेही तिला ठाऊक आहे. दोन वर्षांचं पाप एका वाक्यात धुऊन निघालं असतं आणि पोरगी माझ्या गळ्यात पडली असती. पण ते सांगणं माझं नव्हतं. मी म्हटलं, "मला विचारून सांगावं लागेल."

"कुणाला?"

"विचारून सांगते, बाळा. पुढच्या वेळी."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, "मग त्यांना सांगा, मी आजोबांना विचारलं होतं. आजोबा रडले." आणि घंटा व्हायच्या आधीच वर्गाकडे पळाली.

परतीच्या वाटेवर मी तिचे शब्द घोकत आले, एकही इकडचा तिकडे होऊ नये म्हणून. काकू चुलीशी होती. मी शब्दाला शब्द सांगितला. जांभळं लुगडं म्हटल्यावर तिने पदराचं टोक तोंडात धरलं. आजोबा रडले म्हटल्यावर खाली बसली. मग मला विचारलं, "तू काय बोललीस?"

"विचारून सांगते म्हटलं."

"बाकी काय नाय?"

"नाही काकू."

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "आता चोरून नाय जायची मी. दारातून जाईन. तू चल माज्यासंगं. बोलायचं नाय."

तिने नवऱ्याला विचारलं, सासूला सांगितलं. नवरा म्हणाला, "जा बाबा एकदाची," सासूने तोंड फिरवलं पण अडवलं नाही. जाण्याच्या दिवशी आई दारापर्यंत लंगडत आली. मला वाटलं प्रार्थना करील. तिने काकूच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाली, "जा."

घर गावाच्या टोकाला, अंगणात पेंढ्याची उडवी. काका कामावर गेलेला होता, पण तो असता तरी काकू थांबली नसती, तिच्या चालीवरून ते कळत होतं. ओटीवर म्हातारा सासरा बसला होता. त्याने डोळ्यांवर हाताची सावली धरून पाहिलं. काकू अंगणात उभी राहिली, वाकली नाही, रडली नाही. "आबा," ती म्हणाली, "मी पोरीला भेटाया आलेय. हाकलायचं तर तुमीच हाकला."

म्हाताऱ्याला उठायला वेळ लागला. खांबाला धरून तो उभा राहिला आणि म्हणाला, "लय दिवस लावलेस." मग आत हाक मारली.

मी अंगणाबाहेर दगडावर बसले. आतून आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. एकदा कोणीतरी मोठ्याने रडलं, पण कोण ते मला कळलं नाही. मध्येच भांड्यांचा आवाज आला. ऊन अंगणातून ओटीवर चढलं. त्या आत काय बोलल्या हे मी तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही कधी विचारलं नाही. किती वाजले ते सांगता येणार नाही, पण काकू बाहेर आली तेव्हा मुलगी तिचं बोट धरून अंगणाच्या कडेपर्यंत आली होती, एवढी मोठी मुलगी. दोघींच्या भुवया सारख्या होत्या. खूण तेवढी निराळी.

स्टेशनावर गाडीला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. शेजारी भाजीवाल्या रिकाम्या टोपल्या एकात एक घालून आवराआवर करत होत्या. काकू समोरच्या रुळांकडे बघत होती. मग म्हणाली, "एस्तू, तुज्या आईच्या देवाला मना काय तरी सांगायचं हाय. सुरुवात कशी करतात?"

मला सतरा प्रकारच्या सुरुवाती पाठ होत्या. लहानपणापासून बाबांच्या तोंडून ऐकलेल्या, तरुण संघात म्हटलेल्या, हात वर करून, हात जोडून. त्यातली एकही मला तिला द्यावीशी वाटली नाही. मी म्हटलं, "कशीही करा, काकू. आई तर कशीही करते."

तिने पदर डोक्यावर घेतला, हात मांडीवर ठेवले, डोळे मिटले नाहीत. आणि बोलू लागली, मोठ्याने, जशी आईशी बोलायची तशी, गावच्या बोलीत. भाजीवाल्यांनी वळून पाहिलं आणि पुन्हा कामाला लागल्या. ती गाडी येईपर्यंत बोलत होती. मी शेजारी बसून सगळं ऐकलं. एकूण एक शब्द मला आजही आठवतो. तिच्या मुलीला ही पानं वाचून दाखवली तेव्हा इथे आल्यावर तिने विचारलं, आई काय बोलली त्या दिवशी? मी म्हटलं, ते माझं सांगायचं नाही, गं.